खंडेनवमीच्या सकाळचे आकडे

माझा पूजेवर राग नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुण्यात असलं काही बोलायची सोय राहिलेली नाही. अर्ध्या लोकांना वाटतं बाई नास्तिक झाली, आणि उरलेल्या अर्ध्यांना वाटतं, बरं झालं, एकदाची सुधारली. मी दोन्ही नाही. माझे वडील भोसरीच्या एका कारखान्यात लेथ चालवायचे. खंडेनवमीला ते इस्त्रीचा सदरा घालून कामावर जायचे आणि दिवसभर काम करायचे नाहीत. लेथ आदल्या संध्याकाळीच झाडूनपुसून, तेलपाणी करून ठेवलेलं असायचं. सकाळी त्याला झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. त्या दिवशी मशीनला हात लावायचा तो फक्त नमस्काराला. लहानपणी पेढ्याच्या आशेने मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. लेथच्या मुठीला शाळेतली असते तशी एक पाटी टांगलेली होती आणि तिच्यावर वडिलांच्या अक्षरात खडूने लिहिलं होतं, ‘पूजा. आज मशीन बंद.’ मला ती पाटी फार आवडली होती. पाटी लावली की कुणी काही विचारत नसे.

पुढे मी सॉफ्टवेअरमध्ये आले. विश्रांतवाडीला घर आणि खराडीला ऑफिस, असं बरंच आयुष्य स्कूटरवर गेलं. शेवटची नोकरी एका छोट्या कंपनीत होती. क्रिप्टोकरन्सीच्या बाजारातली ऑर्डर बुक टिपून ठेवायची आणि ती अभ्यासकांना, व्यापार करणाऱ्यांना विकायची, हा आमचा धंदा. हे सांगितलं की लोक एकतर दोन पावलं मागे सरकत किंवा ‘मग काय घ्यावं सध्या?’ असं कानाशी येऊन विचारत. मी आयुष्यात एक नाणं घेतलेलं नाही. माझं काम टिपून ठेवण्याचं होतं.

ऑर्डर बुक म्हणजे काय ते मी सासूबाईंना मंडईवरून सांगितलं होतं. त्यांना लगेच कळलं, त्यांच्या इंजिनियर जावयांना अजून कळलेलं नाही. मंडईत तुम्ही मेथीची जुडी वीसला घेतलीत, तर तो सौदा झाला. पण तुमच्या आधी एक बाई येऊन ‘पंधराला देता का?’ म्हणून उभी राहिली आणि ‘जा पुढे’ ऐकून निघून गेली. तिची नोंद कुठे असते? कुठेच नसते. ऑर्डर बुक म्हणजे त्या बाईची नोंद. कोण किती भावाला घ्यायला उभं आहे, कोण किती भावाला विकायला उभं आहे, आणि कोण कंटाळून निघून गेलं, हे सगळं क्षणाक्षणाला. बाजार पडायच्या आधी माणसं काय करतात, ते झालेल्या सौद्यांत दिसत नाही. ते या उभ्या राहिलेल्या लोकांत दिसतं.

ती नोंद आणणारं टूल मी लिहिलं होतं. ते बाजाराकडून आधी पूर्ण यादी मागून घ्यायचं आणि मग येणारे बदल तिच्यावर चढवत राहायचं. प्रत्येक बदलावर अनुक्रमांक असतो. मधला एक जरी क्रमांक चुकला, तर हातातली यादी टाकायची आणि पुन्हा पहिल्यापासून मागायची. अंदाजाने भरायचं नाही. आणि यातली मुख्य गोष्ट अशी, की मागचं मिळत नाही. झालेले सौदे बाजार नंतरही दाखवतो. पण काल सकाळी कोण किती भावाला उभं होतं, हे विचारलंत तर तो आत्ताचं सांगतो. ज्याने त्या वेळी टिपलं त्याच्याकडेच ते असतं, बाकी जगात कुठेही नसतं. म्हणून तर लोक आम्हाला पैसे देत होते.

कंपनीचा मालक माझ्यापेक्षा बराच लहान. हुशार, परदेशात शिकून आलेला, बोलायला गोड. मी त्याला सर म्हणायची, तो मला मॅडम. समोरासमोर आमचं कायम अहो-जाहो होतं, पण आता लिहिताना ते माझ्या हातून होत नाही, त्याला इलाज नाही.

आमचं टूल आधी भाड्याच्या मशीनवर चालायचं. ते मशीन कुठल्यातरी देशात होतं आणि तिथे त्याची काळजी घेणारे लोक होते. एका वर्षी मालकाच्या डोक्यात आलं की भाडं वाचवायचं. एक मोठं मशीन विकत आणलं आणि रिसेप्शनच्या शेजारी काचेच्या कपाटात ठेवलं. निळे दिवे लुकलुकायचे. आलेला पाहुणा आधी त्याच्यापुढे उभा राहून फोटो काढायचा. मी म्हटलं, सर, टूल बंद पडलं तर फोनवर निरोप देणारा प्रोग्राम तरी दुसरीकडे ठेवू या. तो म्हणाला, “एवढं मोठं मशीन घेतलंय, त्यातच बसवा. मॅडम, तुम्ही किती निगेटिव्ह विचार करता!” म्हणजे बेशुद्ध पडल्याचा निरोप बेशुद्ध पडणाऱ्यानेच द्यायचा. बसवला त्यातच.

मग त्या मशीनची पहिली खंडेनवमी आली.

मी त्या सकाळी घरी होते. आमच्याकडे नवमीला घट उठतात, सासूबाईंचं वय झालेलं, सवाष्ण जेवायला, त्यामुळे अर्धी रजा टाकली होती. दुपारी जेवणं उरकून ऑफिसला गेले. दारातच झेंडूचा वास, सगळे झब्बे-साड्यांत, हातात श्रीखंड-पुरीचे द्रोण घेऊन गप्पा चाललेल्या. मालकाची आई खास पूजेसाठी आलेली होती. काकू मोठ्या प्रेमळ. त्यांनी मला हळदकुंकू लावलं, हातात पेढा ठेवला आणि मी कपाटाकडे पाहिलं. मशीनला गुडघ्यापर्यंत लोंबणारी माळ, वर कुंकवाचं ठसठशीत बोट, पुढे नारळ. आणि एकही दिवा चालू नाही.

“हे बंद कुणी केलं?” मी विचारलं.

“अहो, चालू यंत्राला कुंकू लावतात का कधी?” काकू म्हणाल्या. “मी नुसतं म्हटलं, तर याने लगेच बटण दाबलं. गुणी आहे हो माझा मुलगा.”

त्यांचं काही चुकलेलं नव्हतं. माझे वडीलही हेच म्हणाले असते. पण पूजा होऊन किती वेळ झाला होता! बाकीच्यांना वाटलं होतं, मागे दुसरं काहीतरी चालू असेलच. मी पेढा तसाच हातात धरून मशीन सुरू केलं. टूलने पूर्ण यादी मागितली, बदल यायला लागले, आणि तेव्हा मला दिसलं की मधल्या वेळात बिटकॉइनचा भाव धाडकन कोसळून गेलेला आहे. वर्षातले इतके कंटाळवाणे दिवस सोडून नेमकी तीच सकाळ आम्ही टिपली नव्हती.

मी जागेवर बसले आणि ग्राहकांना दिसतं त्या पानावर लिहिलं, आज सकाळपासून दुपारपर्यंतची नोंद उपलब्ध नाही. लिहून होतंय तोच मालकाने केबिनमध्ये बोलावलं.

“मॅडम, ती नोट काढा.”

“नोंद नाहीये, सर. नाही, तर नाही असं लिहिलंय.”

“कारण विचारतील.”

“सांगू की. पूजा होती.”

“अमेरिकेतल्या क्लायंटला सांगू, मशीनला कुंकू लावायचं होतं म्हणून रेकॉर्डिंग बंद केलं? हसतील ते. आपण टेक्नॉलॉजी कंपनी आहोत.”

“हसू देत. हसण्याने आपला काही तोटा होत नाही.”

“बंद व्हायच्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही टोकं आहेत ना आपल्याकडे? मधलं भरता येईल.”

“ताट रिकामं दिसतंय म्हणून कालचा भात वाढायचा का, सर?”

त्यावर तो गोड हसला आणि “बघतो मी” म्हणाला. संध्याकाळी माझी सूचना पानावरून गेलेली होती. मी पुन्हा जाऊन भांडले, पुन्हा “बघतो”. निदान फाईलमध्ये जागा रिकामी आहे, ज्याला डोळे आहेत त्याला दिसेल, असं म्हणून मी गप्प बसले. माझ्या टूलमध्ये मधलं भरायची सोयच नव्हती. कुणी ते हाताने बसून भरेल, हे माझ्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. चोरी कशी करतात याचा अभ्यास राहून गेला होता माझा.

चार-पाच महिने गेले, उन्हं तापायला लागली, आणि तेव्हा ती मुलगी आली. मी पाणी भरायला बाटली घेऊन बाहेर गेले, तर काचेच्या कपाटासमोर पाठीला सॅक लावलेली एक मुलगी कपाटाला नाक लावून आत बघत उभी. रिसेप्शनवालीने मला खुणेने सांगितलं की ही सकाळपासून बसलीये, अपॉइंटमेंट नाही आणि जातही नाही.

“हेच का ते मशीन?” मुलीने मला विचारलं.

मुलगी यवतमाळकडची. सोलापूर रस्त्यावरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्रात पीएच.डी. करत होती आणि लोणी काळभोरला खोली घेऊन राहत होती. आमचा डेटा तिने विद्यार्थ्यांच्या सवलतीत घेतला होता. तिचा विषय मला ऐकताक्षणी आवडला. भाव कोसळतो तेव्हा घ्यायला उभे असलेले लोक आधी पळतात की नंतर? मंडईतल्या त्या पंधराला मागणाऱ्या बाईचाच प्रश्न. अर्थातच तिने वर्षातल्या सगळ्या मोठ्या पडझडी निवडल्या होत्या, आणि अर्थातच त्यात खंडेनवमीची सकाळ होती.

तिच्या गाईडने तिची आकडेमोड तपासताना एक गोष्ट पाहिली. त्या सकाळी कुणाला किती नाणी हवी होती, ते आकडे आदल्या सकाळच्या आकड्यांवर ठेवले तर हुबेहूब जुळत होते. दशांशासकट. गाईडचं म्हणणं असं पडलं की हिला त्या दिवसाचे आकडे मिळाले नाहीत आणि हिने आदल्या दिवसाचे उचलून चिकटवले. सगळ्या संशोधक विद्यार्थ्यांसमोर तो तिला म्हणाला की खोटे आकडे बनवणाऱ्या मुलीला माझ्या हाताखाली जागा नाही. कॉलेजने चौकशीला समिती बसवली. मुलीने आमच्या कंपनीला लिहिलं. कंपनीने उत्तर दिलं, आमची माहिती अचूक व पूर्ण आहे. ते पत्र समितीपुढे गेलं, आणि त्या पत्राने ती आणखीच खोटी ठरली. त्या आठवड्यात तिला समितीपुढे उभं राहायचं होतं. नाव रद्द झालं की गावी परत, आणि तेही चोर म्हणून.

हे सगळं ती अगदी पुस्तकी, पुण्याच्या मराठीत सांगत होती. शेवटी मात्र तिचा धीर सुटला आणि तिची स्वतःची बोली बाहेर आली. “मले सांगा मॅडम, मी कायले बनवीन? अन् बनवायचेच असते तर थोडे तरी वेगळे नसते का बनवले? इतकी बी येडी नाही न जी मी!”

मी तिला माझ्या जागेवर बसवलं आणि तिच्यासमोर खंडेनवमीची फाईल उघडली. जागा रिकामी नव्हती. सकाळपासून दुपारपर्यंत सगळं भरलेलं होतं, गच्च. भाव दोन्ही टोकांत बसतील असे ओढूनताणून बसवले होते आणि बाकी सगळं आदल्या सकाळवरून जसंच्या तसं. कॉपी करायलाही अक्कल लागते, आमच्याकडे तेवढीही खर्च झाली नव्हती. दुसऱ्या टीममधल्या कुणाकडून तरी हे करून घेतलं होतं, माझ्या मागे, माझ्या टूलच्या नावाने.

मला राग येतो हे सगळ्यांना माहीत आहे. भाजीवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांनी तो पाहिलेला आहे. पण त्या दिवशी जो आला तो वेगळा होता. मी केबिनचं दार न वाजवता आत गेले.

“खंडेनवमीची सकाळ कुणी भरली?”

त्याने लॅपटॉप मिटला. “मॅडम, बसा ना.”

“मी बसायला आले नाही. बाहेर एक मुलगी बसलीये. तुमच्या आकड्यांमुळे तिला चोर ठरवलंय.”

“ती स्टुडंट? तिने सवलतीत घेतलंय हो.”

“सवलतीत घेतलं की खोटं चालतं?”

“आपण तिचे पैसे परत देऊ.”

“तिला पैसे नकोत. तिला एका ओळीचं पत्र हवंय. ही सकाळ आम्ही टिपलेली नाही, आम्ही भरली आहे. सही करा, मी टाईप करून आणते.”

“असं एकदम कसं देता येईल? लीगलला विचारावं लागेल.”

“आपल्याकडे लीगल आहे?”

“नाही,” तो म्हणाला, “पण विचारावं तर लागेल.”

आणि मग आवाज खाली आणून तो जे बोलला, ते मी आजही विसरलेली नाही. “मॅडम, आईचा विचार करा. तिला कळलं तर तिला वाटेल, तिच्या पूजेमुळे झालं सगळं. या वयात तिला त्रास नको.”

ज्या आईने भक्तिभावाने हळदकुंकू वाहिलं, तिला हा पुढे करून मागे लपत होता! काकूंनी त्याला पूजा करायला सांगितलं होतं. आकडे चिकटवायला सांगितलं नव्हतं. मला त्याची खरी गोम तेव्हा कळली. त्याला पूजेची लाज वाटत होती आणि खोटेपणाची वाटत नव्हती. परक्या माणसाने ‘पूजेसाठी बंद ठेवलं’ हे वाचून हसू नये म्हणून एका मुलीचं नाव मातीत गेलं तरी त्याला चालणार होतं. माझ्या अशिक्षित आजीच्या भाषेत याला एक शब्द आहे, तो मी छापत नाही.

पत्र मिळालं नाही. मी रजेचा अर्ज टाकला. घरी नवऱ्याला सांगितलं की मी समितीपुढे जाऊन सांगणार आहे.

“नोकरी जाईल,” तो म्हणाला.

“जाऊ दे.”

“मग जाताना हेल्मेट घालून जा. सोलापूर रस्त्यावर ट्रक फार.” यापेक्षा जास्त पाठिंबा आमच्या घरात कुणी कुणाला देत नाही.

नुसत्या माझ्या शब्दावर समिती विश्वास ठेवील का, याची मुलीला धाकधूक होती. पण पुरावा आमच्या मालकानेच करून ठेवला होता. खंडेनवमीच्या सकाळी त्याने सोशल मीडियावर कंपनीच्या पानावर फोटो टाकला होता, सगळ्या जगाला दिसेल असा. ‘आमच्या यंत्रदेवतेला वंदन’, खाली शुभेच्छा, तारीख. फोटोत तो हात जोडून उभा, शेजारी काकू निरांजन घेऊन, मध्ये माळ घातलेलं मशीन, आणि भिंतीवर रिसेप्शनचं घड्याळ. मशीनचा एकही दिवा लागलेला नाही. पूजा गावातल्या लोकांना दाखवायला त्याला लाज नव्हती. ती फक्त पैसे देणाऱ्यांपासून लपवायची होती.

समितीत तीन-चार प्राध्यापक होते. गाईड मधल्या खुर्चीत बसला होता, म्हणजे आरोप करणारा आणि न्याय देणाऱ्यांत बसणारा एकच. हेही मला त्याच वेळी बोलावंसं वाटत होतं, पण मुलीने डोळ्यांनी विनवलं म्हणून गिळलं.

“आपण कोण?” त्याने विचारलं.

“हे टूल मी लिहिलंय. या मुलीने जे आकडे वापरले ते आमच्याकडूनच असे आले. त्या सकाळी आम्ही काहीही टिपलेलं नाही. मशीन बंद होतं.” मी फोटो मोठा करून टेबलावर ठेवला.

गाईडने चष्मा वर केला. “चोवीस तास चालणारं मशीन तुम्ही असं बंद केलंत? कशासाठी?”

मी उत्तर द्यायच्या आत खिडकीजवळ बसलेले एक वयस्कर प्राध्यापक बोलले. “अहो सर, चालू यंत्राला कुंकू लावत न्हाईत. आमच्या गावाकडं पंपालाबी बंद करूनच लावत्यात.” मग फोटो जवळ ओढून त्यांनी दिव्यांच्या जागी बोट ठेवलं आणि मला विचारलं, “मग हे आकडे आले कुठनं?”

“आदल्या सकाळचे आहेत. आमच्या ऑफिसात चिकटवलेत.”

कुणी हसलं नाही. अमेरिकेतलं मला माहीत नाही, पण त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या घरी खंडेनवमीला काही ना काही बंद राहत होतं. त्यांना ते एका वाक्यात पटलं. आमचा शहाणा ज्या कारणाची एवढी लाज बाळगून होता, तेच एक कारण कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही.

गाईडने कागद गोळा केले. “ठीक आहे. गैरसमज झाला होता, तो दूर झाला. त्या दिवसाचे आकडे प्रबंधातून काढून टाका. पुढचा विषय घेऊ.”

मुलगी उठली नाही.

“गैरसमज नव्हता सर,” ती म्हणाली. “तुम्ही मले खोटी म्हटलं होतं. सगळ्यांसमोर.”

मला वाटलं, आता तरी हा माणूस म्हणेल, चुकलो. एकच शब्द जास्तीचा लागला असता. त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि बाहेरच्या शिपायाला पुढच्यांना आत पाठवायला सांगितलं. मला त्या माणसाचा आमच्या मालकापेक्षाही जास्त राग आला. मालकाने निदान तिला पाहिलेलं नव्हतं. याने तिला रोज पाहिलं होतं, तिचं काम पाहिलं होतं, आणि तरी एका कंपनीच्या पत्रावर विश्वास ठेवणं त्याला सोपं वाटलं होतं. दारातून बाहेर पडताना मी त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, “माफी मागायला लीगलला विचारावं लागतं वाटतं.”

कॅन्टीनमध्ये चहा घेताना ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही, तिने दोन वडापाव खाल्ले. मग म्हणाली, “मी नाही काढणार जी तो दिवस. जागा खाली ठेवीन, अन् का खाली हाय ते लिहीन.”

नोकरीचं म्हणाल, तर दुसऱ्या दिवशी मीच राजीनामा ठेवला. “मॅडम, तुम्ही इमोशनल झालात,” एवढं बोलून त्याने तो घेतला. तिथेच संपलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. पण आठवड्याने काकूंचा फोन आला. नेहमीसारखी माया नव्हती आवाजात.

“तुम्हाला देवाधर्माचं वावडं आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं हो. पूजेवरून एवढं भांडण करून नोकरी सोडलीत म्हणे.”

म्हणजे घरी त्याने हे सांगितलं होतं! ज्या बाईच्या जिवाला त्रास नको म्हणून पत्र दिलं नाही, तिच्याच कानात हे विष भरलं होतं. पण काकूंवर ओरडून काय उपयोग? मी त्यांना आधी ती मुलगी सांगितली, मग ते चिकटवलेले आकडे सांगितले, आणि शेवटी माझे वडील, त्यांचं लेथ, आणि मुठीला टांगलेली पाटी सांगितली.

“मग याने पाटी का नाही लावली?” त्या म्हणाल्या. हा प्रश्न त्यांनी पुढे मुलाला विचारला की नाही, मला माहीत नाही.

गेल्या महिन्यात ती मुलगी प्रबंधाची बांधीव प्रत घेऊन घरी आली. पेढेही होते. सासूबाईंनी तिला ओटी भरून पाठवलं. तिने मला एक पान उघडून दाखवलं. पडझडीच्या दिवसांच्या आकृत्या ओळीने छापलेल्या होत्या आणि एका आकृतीच्या मध्यावर रुंद पांढरी पट्टी होती. खाली लहान इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की या वेळेची नोंद नाही, कारण त्या सकाळी यंत्राची पूजा असल्याने ते बंद ठेवले होते. गाईडने ते वाक्य काढायला दोनदा सांगितलं, तिने दोन्ही वेळा नकार दिला.

मी त्या पट्टीवर बोट फिरवलं. मला वडिलांच्या खडूची आठवण झाली आणि भरून आलं, ते मी लपवलं नाही. त्या सकाळी बाजार कोसळत असताना कोण किती भावाला उभं होतं आणि कोण निघून गेलं, हे आता जगात कुणालाही कळणार नाही. ज्यांना कळायलाच हवं असेल, त्यांच्यासाठी माझ्या जुन्या कंपनीत ते अजूनही उपलब्ध आहे, पैसे भरले की लगेच मिळतं, अचूक व पूर्ण.